ग्रामसभांचे चित्रीकरण व थेट प्रक्षेपण (महाराष्ट्र)

ग्रामसभांचे चित्रीकरण व थेट प्रक्षेपण म्हणजे गावातील मतदारांच्या वैधानिक सभेचे कामकाज ध्वनिचित्रमुद्रित करणे आणि ते आंतरजालाद्वारे नागरिकांना पाहण्यास खुले करणे होय. चित्रीकरण हा सभेचा पुरावा असतो, तर प्रक्षेपणामुळे गैरहजर मतदारालाही कामकाज पाहता येते. या दोन गोष्टी अनेकदा एकच समजल्या जातात; प्रत्यक्षात पहिली झाली म्हणून दुसरी होतेच असे नाही.

पार्श्वभूमी

लोकसभेच्या कामकाजासाठी स्वतंत्र दूरचित्रवाहिनी २००६ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांच्या वाहिन्यांचे 'संसद टीव्ही'त विलीनीकरण झाले. संसदेचे कामकाज अशा रीतीने घराघरांत पोहोचले. गावच्या सभेबाबत मात्र असे म्हणता येत नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ नुसार ठरावीक संख्येने ग्रामसभा घेणे बंधनकारक असून पुरेशा कारणाशिवाय त्या न घेणारा सरपंच पदावर राहण्यास अपात्र ठरतो. परिणामी सभा न घेणे जोखमीचे, पण ती झाल्याचे दाखवणे तुलनेने सोपे ठरते. इतिवृत्त ग्रामसेवकाच्या (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) नोंदवहीत लिहिले जाते आणि हजेरी सह्यांवरून ठरते. 'कागदोपत्री ग्रामसभा' ही म्हणूनच ग्रामीण भागातील जुनी तक्रार आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढे गणपूर्तीची अट राहत नसल्याने थोड्या उपस्थितीतही ठराव होऊ शकतात. लाभार्थी निवडीसारखे विषय अशा सभेत आले, की नेमके कोण हजर होते आणि कोणी हरकत घेतली, हा वादाचा मुद्दा बनतो. चित्रीकरणाचे मूल्य येथे आहे.

सभासार

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी 'सभासार' हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधन सुरू केले. ते सभेच्या ध्वनी वा चित्रमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार करते. त्याचा वापर प्रथम त्रिपुरातील १५ ऑगस्टच्या विशेष ग्रामसभांत झाला. तयार होतो तो मजकूर. मूळ चित्रफीत नागरिकांसमोर ठेवणे हा वेगळा निर्णय आहे.

नागरिकांचा अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील माहिती येते आणि चित्रफितीच्या स्वरूपात माहिती मिळवण्याचा अधिकारही त्यात स्पष्ट नमूद आहे. ग्रामपंचायतीकडे असलेल्या चित्रीकरणाची प्रत त्यामुळे अर्ज करून मागता येते. चित्रीकरणच झाले नसेल, तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमसारख्या गावांतून कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मतदाराचे नाव गावच्या यादीत असेल, तर तो ग्रामसभेचा सदस्यच असतो. प्रक्षेपण असल्यास त्याला कामकाज पाहता येते, पण केवळ पाहिल्याने त्याची हजेरी लागत नाही.