व्हिडिओ खेळांतील बक्षीस स्पर्धा

यंत्राच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या स्पर्धकास रोख रक्कम वा वस्तू देण्याची जी योजना, तीस सामान्यपणे उच्चांक स्पर्धा म्हणतात. कुस्ती, कबड्डी यांसारख्या सामन्यांत दोन्ही पक्ष एकाच मैदानावर, एकाच वेळी व एकाच पंचासमोर उतरतात. उच्चांक स्पर्धेत खेळाडू एकेकटा यंत्राशी खेळतो आणि त्याची चढाओढ इतरांच्या नोंदलेल्या गुणांशी असते. ते गुण वेगळ्या दिवशी, क्वचित वेगळ्या यंत्रावरही मिळविलेले असतात. त्यामुळे येथे न्याय्यतेचा प्रश्न खेळापेक्षा नोंदीशी अधिक निगडित आहे. महाराष्ट्रात अशा स्पर्धांना लागू पडणाऱ्या तत्त्वांची घडण व्हिडिओ खेळ येण्यापूर्वीच झाली होती आणि तिला निमित्त झाले ते वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांचे.

मुंबई इलाख्यात जुगारास आळा घालण्यासाठी १८८७ चा कायदा करण्यात आला. त्याच्या तेराव्या कलमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यातून वगळले. कौशल्य कोणते व दैव कोणते याची व्याख्या मात्र कायद्याने दिली नाही. ती न्यायालयांवर सोपविली गेली. सध्याच्या पालघर जिल्ह्याचा बहुतेक प्रदेश तेव्हा मुंबई इलाख्यातील ठाणे जिल्ह्यात होता. जव्हार संस्थानाचा मुलूख १९४८ मध्ये विलीन झाल्यावर मुंबई राज्याच्या कायद्यांखाली आला.

शब्दकोड्यांच्या स्पर्धा : विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत इंग्रजी व देशी भाषांतील नियतकालिकांनी प्रवेशमूल्य घेऊन शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालविल्या. वरवर पाहता हा भाषाज्ञानाचा खेळ होता. प्रत्यक्षात अनेक कोड्यांतील सूचक वाक्यांना दोन वा अधिक शब्द सारखेच चपखल बसत. आयोजकाने त्यांपैकी एक शब्द आधीच निवडून उत्तर मोहोरबंद केलेले असे आणि स्पर्धकाचा शब्द त्याच्याशी जुळला तरच गुण मिळत. इंग्लंडमधील कोल्स विरुद्ध ओडम्स प्रेस या खटल्यात (१९३६) न्यायालयाने अशा स्पर्धेची तुलना दडविलेल्या लक्ष्यावर डोळे झाकून मारलेल्या नेमाशी केली. ही तुलना मार्मिक आहे. नेमबाज कितीही तरबेज असला, तरी लक्ष्य दिसत नसेल तर त्याच्या कौशल्याला अर्थ उरत नाही.

मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यान्वये बक्षीस स्पर्धांवर परवाना व कर बसविला. आरंभी त्याची व्याप्ती राज्यात छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांपुरती होती. परिणामी आयोजकांना सीमेपलीकडे जाऊन छपाई करण्याची वाट मोकळी राहिली. आर्. एम्. डी. चमारबागवाला यांच्याशी संबंधित स्पोर्टिंग स्टार हे साप्ताहिक बंगलोर येथे छापले जाई, परंतु त्याचा मोठा खप व शब्दकोड्यांच्या प्रवेशिका मुंबई राज्यात गोळा करण्याची व्यवस्था मुंबई राज्यातच होती. १९५२ च्या दुरुस्तीने बाहेर छापलेल्या नियतकालिकांनाही कर लागू झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आयोजकांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी तो फिरविला. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या निकालपत्रात दोन मुद्दे निर्णायक ठरले. एक, द्यूत हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे. दुसरा, प्रवेशिका जेथे भरल्या जातात व पैसा जेथे गोळा होतो त्या राज्याचा स्पर्धेशी पुरेसा प्रादेशिक संबंध असतो, मग छपाई कोठेही होवो.

त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात १९५५ च्या केंद्रीय बक्षीस स्पर्धा कायद्याचा विचार झाला. महिन्याकाठी एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना हा कायदा मनाई करतो, लहान स्पर्धांना परवाना लावतो आणि प्रवेशिकांची संख्या दोन हजारांवर जाऊ देत नाही. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी त्याचा अर्थ दैवाधीन स्पर्धांपुरता मर्यादित केला. ज्या स्पर्धेतील यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून असते ती या निर्बंधांबाहेर राहिली. १९६७ मध्ये रमी या पत्त्यांच्या खेळासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी वापरली. शिवाय क्लबाने खेळाच्या सोयीसाठी माफक आकार घेणे म्हणजे जुगाराचा अड्डा चालविणे नव्हे, असेही मत दिले. या कसोटीत दैवाचा अंश असण्यास हरकत नाही. यशाचा मुख्य आधार कौशल्य आहे की नाही, एवढेच पाहावयाचे असते (पहा : जुगार).

यंत्र व गुणांक : स्पेस इनव्हेडर्स (१९७८) हा जपानी खेळ लोकप्रिय झाल्यावर पडद्यावरील उच्चांक ही एक स्वतंत्र आकांक्षा बनली. ॲस्टेरॉइड्समध्ये (१९७९) खेळाडूस आपली तीन आद्याक्षरे नोंदविता येऊ लागली. अटारी कंपनीने १९८० मध्ये अमेरिकेत भरविलेल्या स्पेस इनव्हेडर्सच्या स्पर्धेत दहा हजारांहून अधिक खेळाडू उतरले होते. आयोवा राज्यातील ऑटम्वा येथील ट्विन गॅलॅक्सीज या खेळगृहाचे मालक वॉल्टर डे यांनी १९८२ मध्ये ठिकठिकाणचे उच्चांक एका पटावर नोंदविण्यास प्रारंभ केला आणि त्यातूनच नियमांची गरज उघड झाली. यंत्रातील मंडलपटावर बारीक कळी असतात. त्या फिरवून खेळाडूस मिळणाऱ्या संधींची संख्या, जादा संधीसाठी लागणारे गुण व खेळाची काठिण्यपातळी मालकास बदलता येते. तीन संधींच्या यंत्रावरील लाख गुण व पाच संधींच्या यंत्रावरील लाख गुण हे एकच माप नव्हे. बाहेरून दोन्ही यंत्रे हुबेहूब सारखी दिसतात.

मापाच्या इतर मर्यादाही होत्या. ॲस्टेरॉइड्सचा गुणदर्शक ९९,९९० नंतर पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे साक्षीदाराने फेऱ्या मोजल्या नसतील, तर अखेरच्या आकड्यास काहीच अर्थ राहत नाही. पॅक-मॅनचा २५६ वा टप्पा आज्ञावलीतील दोषामुळे अर्धा विस्कटतो व खेळ तेथेच संपतो. साहजिकच ३३,३३,३६० ही गुणांची कमाल मर्यादा ठरते. १९९९ मध्ये ती प्रथम गाठली गेल्याची नोंद झाली. पुढे इतरांनीही ती गाठल्यावर लागलेला वेळ हा बरोबरी फोडण्याचा निकष झाला. डाँकी काँगचा नामांकित खेळाडू बिली मिचेल याचे उच्चांक ट्विन गॅलॅक्सीजने २०१८ मध्ये रद्द केले. त्याने सादर केलेल्या चित्रफिती मूळ यंत्रावरील नाहीत, असा आक्षेप होता. मिचेलने तो नाकारला व दावा लावला. २०२४ मध्ये तडजोड होऊन ते उच्चांक ऐतिहासिक नोंदींत ठेवण्यात आले. तीन दशकांपेक्षा अधिक अनुभव असलेल्या संस्थेलाही जो वाद मिटविण्यास सहा वर्षे लागली, तो गावातील स्पर्धेच्या पंचास एका संध्याकाळी सोडविता येईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याने तो उद्‌भवणारच नाही अशी व्यवस्था आधी करावयाची असते.

भारतातील व्हिडिओ खेळगृहांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे एम्. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात (१९९५) आला. पोलीस अधिकाऱ्यांच्या पाहणीत काही यंत्रांत फेरफार करून निकाल खेळाडूविरुद्ध झुकविता येतो, असे आढळले होते. परवान्याची सक्ती न्यायालयाने वैध ठरविली. येथे शब्दकोड्याचा धडा नव्या रूपात पुढे आला. खेळाचे नाव वा त्याची मूळ रचना पाहून भागत नाही. प्रत्यक्ष समोर असलेले यंत्र कसे चालते ते तपासावे लागते. मोहोरबंद पाकिटातील उत्तर आणि बंद पेटीतील कळ यांत तत्त्वतः भेद नाही. दोन्हींत निकाल ठरविणारी गोष्ट आयोजकास ठाऊक असते व स्पर्धकापासून दडलेली असते.

न्याय्य नियमांचे स्वरूप : या इतिहासावरून स्पर्धेच्या नियमांचा गाभा ठरविता येतो. पहिली व सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे यंत्राची मांडणी लेखी जाहीर करणे. खेळाची आवृत्ती, संधींची संख्या व काठिण्यपातळी लिहून यंत्रावर लावावी, स्पर्धेपूर्वी चार जणांदेखत पेटी उघडून कळी दाखवाव्यात आणि नंतर पेटीस मोहोर करावी. मोहोर येथेही आहे, परंतु ती सर्वांनी पाहिलेल्या गोष्टीवर लावलेली असते. यंत्रे अनेक असल्यास प्रत्येक स्पर्धकास समान यंत्र मिळावे अथवा ती चिठ्ठ्या टाकून द्यावीत. दैवास एवढी जागा रास्त मानता येईल.

प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नसेल, तर स्पर्धा कौशल्याची न राहता खिशाची होते. दर नाण्यास एक प्रयत्न व अमर्याद नाणी ही पद्धत मालकास फायद्याची खरी, पण तिच्यात कमी पैसे असलेला चांगला खेळाडू जास्त पैसे असलेल्या सामान्य खेळाडूपुढे हरू शकतो. म्हणून एका प्रवेशमूल्यात सर्वांना सारखेच प्रयत्न द्यावेत. बक्षिसाची रक्कम आधी जाहीर करून ती वेगळी ठेवावी. जमलेल्या प्रवेशमूल्यातून बक्षीस देण्याची रीत पैज लावण्याच्या इतकी जवळ जाते, की तिचा बचाव करणे कठीण होते. आयोजक, त्याचे नोकर व कुटुंबीय यांना स्पर्धेबाहेर ठेवावे. ज्याने ते यंत्र रोज हाताळले आहे, त्याला प्रवेश देऊन नंतर त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देत बसण्यात हशील नाही.

गुणांची नोंद खेळ संपताच वहीत करून तिच्यावर खेळाडूची व साक्षीदाराची सही घ्यावी. जुन्या यंत्रांपैकी बहुतेकांची स्मृती वीज जाताच पुसली जाते. केवळ पडद्यावर विसंबलेला उच्चांक त्यामुळे भारनियमनाच्या एका खेपेत नाहीसा होऊ शकतो. खेळ चालू असताना वीज गेल्यास तो प्रयत्न धरावयाचा, सोडावयाचा की पुन्हा द्यावयाचा हेही आधीच ठरवावे. बरोबरी झाल्यास काय करावयाचे याचा नियम नसेल, तर तो अखेरीस आयोजकाच्या मर्जीवर ठरतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवून ठेवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आणि २०१९ च्या कायद्यातही ही तरतूद राहिली. निकाल जाहीर करणे हे त्यामुळे सौजन्य न राहता कर्तव्य ठरते. आयोजकाचा निर्णय अंतिम राहील, हे छापील वाक्य या कर्तव्यातून कोणास मुक्त करीत नाही.

अलीकडील कायदा : मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम ११ या काल्पनिक संघांच्या खेळास कौशल्याचा खेळ मानले. केंद्र शासनाच्या २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने मात्र कौशल्य व दैव हा भेदच आंतरजालावरील पैशाच्या खेळांपुरता बाजूस सारला. जिंकण्याच्या आशेने पैसे भरून खेळला जाणारा खेळ कोणत्याही प्रकारचा असला तरी त्यास बंदी घातली. ई-क्रीडास्पर्धांना त्यातून वगळले असून, पूर्वनिश्चित नियम, केवळ खेळाडूच्या क्षमतेवर ठरणारा निकाल व पैजेचा अभाव ही त्यांची लक्षणे सांगितली आहेत. प्रवेश व व्यवस्थाखर्चापुरते शुल्क आणि कामगिरीनुसार बक्षीस यांना तेथे मुभा आहे. या कायद्यास उच्च न्यायालयांत दिलेली आव्हाने सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग करण्यात आली. सत्तर वर्षांच्या कसोटीस असा फाटा देणे योग्य की अयोग्य याविषयी दुमत संभवते. तथापि ई-क्रीडेची जी लक्षणे कायद्याने दिली आहेत, ती शब्दकोड्यांच्या खटल्यांतून निघालेल्या निष्कर्षांहून फारशी निराळी नाहीत.

पालघर व बोईसर-तारापूर परिसर : १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र व बोईसरची औद्योगिक वसाहत यांमुळे या भागात निरनिराळ्या प्रांतांतील कामगारांची मोठी वस्ती झाली. पाळ्यांत काम चालणाऱ्या ठिकाणी स्पर्धेची वेळ हाही न्याय्यतेचाच भाग आहे. केवळ संध्याकाळी खुली असणारी स्पर्धा दुसऱ्या पाळीच्या कामगारास प्रवेशमूल्य भरूनही बंदच राहते. प्रत्येक पाळीस सारखे तास देणारी किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी घेतलेली स्पर्धा हा दोष टाळू शकते. एखाद्या दुकानातील यंत्रावर, आंतरजालाविना घेतलेल्या स्पर्धेस २०२५ चा कायदा लागू पडत नाही. तिच्यासाठी १८८७ चा कायदा व १९५१ च्या पोलीस कायद्याखालील करमणुकीच्या जागांचे परवाने हीच चौकट राहते. पोलीस आयुक्तालय नसलेल्या क्षेत्रात या जागांविषयी नियम करण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यास असतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत तो ठाण्याच्या दंडाधिकाऱ्याकडे होता. २०२० मध्ये वसई तालुका नव्या आयुक्तालयाकडे गेला, पालघर व बोईसर मात्र जिल्ह्याच्या व्यवस्थेत राहिले. तलासरीच्या पलीकडे दाद्रा व नगर हवेली आणि गुजरात यांची हद्द लागते व तेथील कायदे निराळे आहेत. हद्दीपलीकडे भरविलेल्या स्पर्धेची जाहिरात या जिल्ह्यात झाली आणि प्रवेशिका व शुल्क येथेच गोळा केले गेले, तर तिच्यावर महाराष्ट्राचा अधिकार चालतो की नाही, हे स्पोर्टिंग स्टार प्रकरणात १९५७ मध्ये मान्य झालेल्या प्रादेशिक संबंधाच्या कसोटीवरच ठरवावे लागते.