जत्रेतला तमाशा आणि परवान्याचा कागद

मंडळी, गावकरी नारायणगावच्या राहुट्यांत तमाशाची सुपारी देऊन येतात अन् मग परवानगीसाठी पळापळ सुरू होते. हा कागद जुनाच. इंग्रजांनी १८७६ ला नाट्यप्रयोगांवर कायदा आणला. १९१० ला खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतरही १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्याने करमणुकीचे परवाने पोलिसांकडेच ठेवले. १८७६ चा तो कायदा रद्द व्हायला २०१८ उजाडलं!

पण मला विचाराल तर तमाशाचं कंबरडं मोडलं २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. रात्री दहाला स्पीकर बंद. वर्षात पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ती सण-उत्सवांसाठी. लोकांची झोप महत्त्वाची, मान्य. पण रात्रभर रंगणारा वग दहाच्या आत बसवायचा कसा? तोवर गणगौळण तरी उरकते का?