डर्ट गावातलं पाणी कुणाचं?

'रँगो' पाहिला असेल तर त्यातला वुंडेड बर्ड आठवतोय? चेहऱ्यावर रंगाचे पट्टे ओढलेला, कमी बोलणारा कावळा. शेरीफच्या टोळीला वाट दाखवायचं काम त्याच्याकडे. जुन्या वेस्टर्नमध्ये हे काम ठरलेल्या 'इंडियन'कडे असायचं. तो तुटकं बोलणार, वाऱ्याचा वास घेणार आणि पूर्वजांच्या आत्म्यांशी संवाद साधणार. रँगोलाही वाटतं, हा पिसं उधळतोय म्हणजे आत्म्यांशीच बोलत असणार. कावळा शांतपणे सांगतो, तसं काही नाही, पिसं झडायचा मोसम आहे. मला हा सिनेमातला सगळ्यात हुशार विनोद वाटतो. कारण हसू कावळ्याचं होत नाही, त्याच्याबद्दल आधीच सगळं ठरवून बसलेल्या रँगोचं होतं.

गोअर व्हर्बिन्स्कीचा हा अ‍ॅनिमेशनपट २०११ साली आला आणि पुढच्या वर्षी ऑस्कर घेऊन गेला. कावळ्याचा आवाज गिल बर्मिंगहॅमचा, म्हणजे कोमांची वंशाच्या नटाचा. गोष्ट सांगायला मारियाची वाजवणारी घुबडं आहेत, तेही योग्यच. काउबॉय हा प्रकारच मुळात मेक्सिकन वाकेरोंकडून आलेला. रँच, रोडिओ, लॅसो हे शब्द स्पॅनिशमधले. वेस्टर्नने वाकेरोला दरोडेखोर करून टाकलं, इथे त्याच्या वारसांच्या हातात निदान गिटार तरी आहे.

मग माझी तक्रार काय? तक्रार पाण्याबद्दल आहे.

डर्टमधलं पाणी आटतं, लोक जमिनी विकतात आणि म्हातारा कासव-महापौर त्या गिळत जातो. हा महापौर 'चायनाटाउन' (१९७४) मधल्या खलनायकाचा सरळ वंशज आहे आणि 'चायनाटाउन'च्या मागे कॅलिफोर्नियातलं ओवेन्स खोरं आहे. १९०५च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या वतीने तिथल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेणं सुरू झालं. १९१३ साली सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा तयार झाला. काही वर्षांत ओवेन्स सरोवर कोरडं पडलं. १९२४ साली चिडलेल्या शेतकऱ्यांनी कालवा सुरुंगाने उडवला. सिनेमावाल्यांना ही गोष्ट आवडावी यात नवल नाही.

पण ही गोष्ट शेतकऱ्यांपासून सुरू होत नाही. त्या खोऱ्यात पाइयूट लोक राहत होते. त्यांच्या भाषेत खोऱ्याचं नाव पायाहूनादू, वाहत्या पाण्याची भूमी. गोरे पशुपालक १८६१ साली येण्याआधीच त्यांनी ओढे अडवून पाट काढले होते आणि कंद देणाऱ्या रानवनस्पतींना ते पाणी देत होते. मग गुरं आली, चकमकी झाल्या. १८६३च्या उन्हाळ्यात लष्कराने नऊशेहून अधिक पाइयूटांना चालवत फोर्ट तेहोनला नेलं. म्हणजे शहराने शेतकऱ्यांचं पाणी पळवलं त्याच्या चाळीसेक वर्षं आधीच ते एकदा हातातून गेलेलं होतं. 'चायनाटाउन'मध्ये हे नाही, 'रँगो'तही नाही. वुंडेड बर्डला पाण्याचा माग काढता येतो, पाण्यावर हक्क सांगता येत नाही. चांगला नट, चांगला विनोद, आणि तरी गोष्ट दुसऱ्याचीच.

आणखी एक गंमत, गंमतच म्हणायची तर. याच खोऱ्यात लोन पाइनजवळ अलाबामा टेकड्या आहेत. तिथे शेकडो वेस्टर्न चित्रित झाले. आपलाही तिथे संबंध येतो: १९३९च्या 'गंगा दिन'साठी हाच परिसर हिंदुस्थानची वायव्य सरहद्द बनला. नायक इंग्रज पलटणीचा भिश्ती, पखालीतून पाणी वाहणारा. भूमिका केली सॅम जाफ या गोऱ्या अमेरिकन नटाने, चेहरा सावळा रंगवून. ज्या खोऱ्याचं पाणी नेलं तिथे खोटा भारत उभा करून खोटा भारतीय पाणी पाजत होता. त्या चेहऱ्यापासून बर्मिंगहॅमपर्यंत हॉलिवूड बरंच पुढे आलं, हे मी नाकारत नाही.

'गंगा दिन' आला त्याच १९३९ साली पाइयूटांशी जमिनींची अदलाबदल झाली आणि त्यांना बिशप, बिग पाइन, लोन पाइन इथल्या वसाहती मिळाल्या. त्या जमिनींसोबत यायला हवे होते ते पाण्याचे हक्क मात्र बाजूला ठेवले गेले. पाइयूट ते अजून मागतायत.