गुरुवियोग आणि स्मारकस्तूप : मावळ व कान्हेरी येथील लेण्यांच्या आधारे एक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांचा अभ्यास प्रामुख्याने चैत्यगृहे, विहार आणि राजे व व्यापारी यांचे दानलेख यांच्या अनुषंगाने झाला आहे. त्याच लेण्यांच्या एका बाजूस असलेल्या लहान स्तूपांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. हे स्तूप बुद्धांचे नसून संघातील दिवंगत भिक्खूंचे आहेत. सर्व संस्कार अनित्य आहेत असे शिकविणाऱ्या संघाने आपल्या आचार्यांसाठी चिरस्थायी स्मारके का उभारली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाली वाङ्मयातील शोक आणि स्तूप

संयुत्तनिकायातील चुंदसुत्तात सारिपुत्तांच्या निधनाचा प्रसंग आहे. श्रामणेर चुंद त्यांचे पात्र व चीवर घेऊन सावत्थीस येतो. ती वार्ता ऐकून आनंदांना दिशाही सुचेनाशा होतात. तेव्हा सारिपुत्त जाताना शील, समाधी व प्रज्ञा सोबत घेऊन गेले काय, असे बुद्ध त्यांना विचारतात. गुरूच्या देहाचा वियोग अटळ आहे, परंतु त्याने दिलेले शिक्षण शिष्यापाशी उरते, हा या संवादाचा आशय होय.

यावरून स्मारक निषिद्ध होते असा निष्कर्ष काढता येत नाही. महापरिनिब्बानसुत्तात स्तूपास पात्र ठरणाऱ्या चौघांमध्ये तथागत, प्रत्येकबुद्ध व चक्रवर्ती राजा यांच्याबरोबर तथागतांच्या श्रावकाचाही समावेश आहे.

भिक्खुनीविभंगातील एक कथा याहून बोलकी आहे. आपली ज्येष्ठ भिक्खुनी निवर्तल्यावर काही भिक्खुनींनी तिचे दहन करून स्तूप उभारला व तेथे जाऊन त्या रडू लागल्या. त्या आवाजाने त्रस्त झालेल्या कप्पितक नावाच्या भिक्खूने तो स्तूप फोडून टाकला. संतप्त भिक्खुनींनी त्याला ठार मारण्याचे ठरविले, परंतु तो वेळीच निसटला. या कथेच्या शेवटी येणारा नियम भिक्खूस अपशब्द बोलण्याविषयी आहे, स्तूप उभारण्याविषयी नाही, ही बाब लक्षणीय ठरते. संघातील शोक नेहमीच संयत नव्हता आणि आचार्याचा स्तूप फोडणे म्हणजे जणू आचार्यावरच आघात करणे, अशी शिष्यांची भावना होती, असे यावरून दिसते.

शिलालेखीय पुरावा

सांची येथे १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेसी यांना स्तूप क्रमांक ३ मध्ये सारिपुत्त व मोग्गल्लान यांची, तर स्तूप क्रमांक २ मध्ये दहा आचार्यांची नावे कोरलेल्या अस्थिमंजूषा मिळाल्या. ही नावे स्तूपाच्या गर्भात बंद होती. ती पाहणाऱ्यासाठी लिहिलेली नव्हती.

मावळातील भाजे लेण्यात चित्र बदलते. तेथे चौदा शैलकृत स्तूप असून त्यांपैकी पाच कातळाच्या छताखाली, तर नऊ बाहेर आहेत. धम्मगिरी, अंपिकिणक, संघदिन अशा थेरांची नावे या स्तूपांवरच कोरलेली आहेत. ती आदरार्थी बहुवचनात आहेत. मराठीत वडीलधाऱ्यांचा उल्लेख करताना आजही हीच रीत पाळली जाते. या लेखांत स्तुती नाही आणि शोकाचा उद्गारही नाही. अमक्या थेरांचा स्तूप, एवढाच त्यांचा मजकूर आहे.

जवळच्या बेडसे येथील लेख एक पाऊल पुढे जातो. गोभूती हे अरण्यात राहणारे व भिक्षेवर निर्वाह करणारे भिक्खू मारकुड येथील निवासी होते आणि त्यांचा स्तूप आसाळमित या अंतेवासीने करविला, असे त्यात नोंदविले आहे. ‘अंतेवासी’ म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. संग्रहाचा त्याग हे ज्यांचे व्रत होते, अशा गुरूंसाठी शिष्याने दगडी स्तूप घडविला.

कान्हेरी येथे कड्याखालील लांबट जागेत विटांच्या स्तूपांची रांग होती. तेथील स्मृतिलेख शोभना गोखले यांनी प्रकाशात आणले. त्यांचे ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ हे पुस्तक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या लेखांत केवळ थेर हे पद नाही, तर अर्हत, त्रैविद्य, षडभिज्ञ अशा आध्यात्मिक सिद्धीदर्शक उपाधीही आढळतात. भाजे येथे नाव व ज्येष्ठत्व पुरेसे होते. कान्हेरी येथे दिवंगतांनी काय साधले, याचीही नोंद संघाला आवश्यक वाटली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, अनित्यतेची शिकवण आणि स्मारक यांत संघाला विरोध वाटत नव्हता. शोक आवरावा, परंतु ऋण नोंदवावे, असा समतोल या लेखांत दिसतो. दानलेखांतून लेण्यांच्या आश्रयदात्यांचा इतिहास कळतो, तर स्मृतिलेखांतून तेथे प्रत्यक्ष राहिलेल्या माणसांचा. कान्हेरीचे विटांचे स्तूप आज बहुतांशी भग्न आहेत. अशा स्थितीत एकेक अक्षर जपणे महत्त्वाचे ठरते. बेडसे येथील काही शब्द झिजून गेले असते, तर गोभूतींसोबत त्यांच्या शिष्याचे नावही इतिहासातून पुसले गेले असते.