वाऱ्यावर उपणलेलं सोनं

सप्टेंबर १८९२. आर्थर बेली घोड्यावरून सदर्न क्रॉस गावात आला आणि त्याने अधिकाऱ्यासमोर ५५४ औंस सोनं ठेवलं. म्हणजे सव्वासतरा किलो. त्याला आणि विल्यम फोर्डला ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ओसाड रानात मिळालं होतं. तिथे कूलगार्डी गाव उभं राहिलं. पुढच्या वर्षी जवळच कालगुर्लीला पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना सोनं सापडलं आणि हजारो माणसं तिकडे धावली. सोनं होतं, पाणी नव्हतं.

सिनेमात सोनं शोधणारा माणूस नदीत परात हलवताना दिसतो. इथे नदीच नाही. मग या लोकांनी चक्क उपणणी केली. आपल्याकडे खळ्यावर धान्याची करतात, तीच. एक परात उंच धरायची आणि कोरडी माती वाऱ्यात खालच्या परातीत ओतायची. धूळ उडते, जड ते खाली पडतं. सोनं वाळूच्या सातपट जड, त्यामुळे हे जमतं. पण ढेकळात अडकलेलं सोनं ढेकळाबरोबरच फेकलं जायचं.

आज सुट्टी काढून मेटल डिटेक्टर घेऊन जाणारे हौशी लोक त्याच जुन्या उपणलेल्या जागा धुंडाळतात. त्यांची अडचण वेगळी. तिथल्या लाल मातीत लोह इतकं की साधा डिटेक्टर मातीलाच धातू समजून वाजत राहतो. १९९५ च्या सुमारास आलेल्या ऑस्ट्रेलियन यंत्रांनी यावर तोड काढली. कॉइलमधून कमी-जास्त लांबीचे विजेचे स्पंद सोडायचे, परत येणारा सिग्नल कसा विरतो ते पाहायचं आणि मातीचा भाग वजा करायचा. नॉइज काढून टाकणं माझं रोजचं काम, त्यामुळे मला हे फार आवडलं.

पण पाणी आलं कुठून? तिथल्या खडकांत पावसाचं पाणी साठवणारे खळगे आहेत. आदिवासींना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. १८९६-९७ मध्ये डेव्हिड कार्नेगी कूलगार्डीहून उत्तरेला निघाला, तेव्हा त्याने आदिवासींना पकडलं, बांधून ठेवलं आणि खारवलेलं मांस खायला घातलं. तहान लागली की ते पाण्याकडे नेतील, हा हिशोब. हे त्याने स्वतःच पुस्तकात लिहिलं आहे, फारशी लाज न बाळगता. एवढं करून त्याला सोनं मिळालं नाही.

दुसरा आधार उंटांचा. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले कितीतरी बलुचिस्तान, पंजाब, सिंधचे होते, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले. बरेच उंट कराचीहून जहाजात चढले, आणि तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती! पाणी, पीठ, अवजारं हे लोक वाहायचे. सोनं शोधायला लागायचा ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना. आशियाई किंवा आफ्रिकी ‘परदेशी’ माणसाला तो मिळू नये, अशी तरतूद कायद्यात होती. आज तोच परवाना थोडी फी भरून घेता येतो. माझ्यासारख्यालाही.

१९०३ मध्ये पर्थजवळच्या धरणातून सुमारे ५६० किलोमीटरची पाइपलाइन आली आणि पाण्याची ओढ संपली. ती आखणारा इंजिनियर सी. वाय. ओ'कॉनर ते पाहायला नव्हता. टीकेच्या भडिमारात त्याने १९०२ मध्ये आत्महत्या केली होती.

हौशी माणसाच्या कॉइलखाली सोन्यापेक्षा जास्त वाजतात ते गंजलेले खिळे, बंदुकीच्या गोळ्या आणि पत्र्याच्या डब्यांचे तुकडे. त्यातला बराच माल उंटांच्या पाठीवरून आला होता.