वाघाची मावशी आणि प्लेग

गेल्या वर्षी जूनमध्ये आमची मनी आजारी पडली. अंगात ताप, खाणं बंद आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. घरामागे मोकळं माळरान आहे आणि त्यात प्रेअरी डॉगची बिळं आहेत. (नावात डॉग असला तरी हा प्राणी खारीच्या कुळातला!) व्हेटने गाठ पाहिली, बाहेर जाऊन मास्क लावून आली आणि विचारलं, "मांजर बाहेर हिंडते का? अलीकडे उंदीर मारला होता का?" मग म्हणाली, "घाबरू नका, पण प्लेगची टेस्ट करावी लागेल."

प्लेग! मी मूळचा अमरावतीचा. हा शब्द मी फक्त आजीच्या तोंडून ऐकलेला. तिच्या आईच्या लहानपणी सगळं गाव शेतात झोपड्या बांधून राहिलं होतं. "उंदीर पडला का गाव रिकामं करा लागे," असं आजी सांगायची. आणि इथे अमेरिकेत, एकविसाव्या शतकात, माझी सात वर्षांची मुलगी त्याच मांजराला कुशीत घेऊन झोपत होती. रिपोर्टला तीन दिवस लागणार होते. मुलीला ताप आला तर लगेच इमर्जन्सीत न्या, अशी ताकीद मिळाली होती. झोप येईना, म्हणून रात्री वाचत बसलो. जे सापडलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

प्लेगचा जीवाणू 1894 मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिनने शोधला. दोनच वर्षांनी, सप्टेंबर 1896 मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी आपल्याकडचा पहिला रोगी ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी 10 मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. हा भाग आपण शाळेत शिकलो.

शाळेत न शिकलेला भाग असा, की त्या वेळी रोग नेमका पसरतो कसा हेच कोणाला ठाऊक नव्हतं. सरकार घराघरात शिरून सामान जाळत होतं, भिंतींना चुना फासत होतं, माणसांना छावण्यांत डांबत होतं. उंदीर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात निवांत जात होते. दोष घाणीला, हवेला, धान्याला, आणि बहुतेक वेळा गरिबांना.

खरं उत्तर 1898 मध्ये कराचीत मिळालं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्लेग झालेला एक उंदीर मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्याच. आणखी थोड्या हव्यात म्हणून हॉटेलाच्या आवारात फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरून घेतल्या! मग त्याच बरणीत एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं. पिसवा तेवढ्या इकडून तिकडे जाऊ शकत होत्या. काही दिवसांत दुसरा उंदीरही प्लेगने मेला. पण सिमोंवर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने पुन्हा प्रयोग केले. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग वाचले, कारण पिसूची उडी तिथवर पोचत नाही. तेव्हा कुठे ही गोष्ट पक्की झाली.

आणि इथे वाचता वाचता माझं गाव आलं! 1908 च्या सुमारास अमरावतीचे सिव्हिल सर्जन कर्नल अँड्र्यू बुकानन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहितात, की प्लेगवर उपाय मांजर. ज्या वस्त्यांत घरोघर मांजरं, तिथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असं त्यांना दिसलं होतं. म्हणून लोकांनी मांजरं पाळावीत. औषध नाही, जबरदस्ती नाही. आपल्या आज्या-पणज्यांना सहज पटणारा उपाय.

पण या गोष्टीची दुसरी बाजू वऱ्हाडात नाही, तर माझ्या आत्ताच्या घराभोवती उघडी पडली. आशियातून निघालेली तीच साथ 1900 मध्ये जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला पोचली आणि तिथून पश्चिमेकडच्या रानातल्या खारी, प्रेअरी डॉग यांच्यात कायमची मुरली. मांजर असा आजारी प्राणी खातं किंवा त्याच्या पिसवा अंगावर घेतं. कुत्रा बऱ्याचदा निभावून नेतो. मांजराला ताप येतो, जबड्याखाली गाठ येते आणि फुप्फुसात संसर्ग गेला तर त्याच्या खोकल्यातून माणसालाही लागण होते. 1977 ते 1998 या काळात अमेरिकेत मांजरापासून प्लेग झालेल्या 23 माणसांची नोंद आहे; त्यांतली 5 दगावली. फेब्रुवारी 2024 मध्येही ऑरेगनमध्ये एकाला घरच्या मांजरापासूनच लागण झाली. तो बरा झाला, कारण आता अँटिबायोटिक्स आहेत. वेळेवर दिली तर गुण येतो. पणजीच्या काळी ती नव्हती.

मग बुकानन चुकले का? मला तसं वाटत नाही. आमच्या कामात एक बग दुरुस्त केला की दुसरीकडे काहीतरी मोडतं, तसंच हे. त्यांनी साखळीतली एक कडी अचूक पाहिली. मांजर स्वतःही त्याच साखळीत आहे, हे त्यांच्या उपायात आलं नाही. पण निदान त्यांनी रोग्याच्या घराकडे संशयाने नाही, तर निरखून पाहिलं. रँडच्या पुण्यात तेवढंही झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. प्लेग नव्हता. शेजारच्या बोक्याशी भांडताना चावा बसला होता आणि मांजरांच्या तोंडात नेहमी असणाऱ्या पाश्चुरेला नावाच्या जीवाणूने पू झाला होता. बायको किचनमध्येच खाली बसून रडली. मी काही न बोलता चहा टाकला.

आता मनी घरातच असते. महिन्याच्या महिन्याला पिसवांचं औषध लावतो. मेलेल्या प्राण्याला हात लावायचा नाही, हे मुलीला पाठ झालं आहे. परवा तिने विचारलं, "बाबा, पणजी शेतात का राहायची?" तिला सगळी गोष्ट सांगितली. मनी मांडीवर घुरघुरत ऐकत होती.