पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा चित्रपट

१९५९च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या वॉर्नर थिएटरात ‘पोर्गी अँड बेस’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. संगीत जॉर्ज गर्श्विनचं, निर्मिती सॅम्युएल गोल्डविनची, दिग्दर्शन ओटो प्रेमिंजरचं. पडद्यावर सिडनी पॉयटिए, डोरोथी डँड्रिज, सॅमी डेव्हिस ज्युनियर, पर्ल बेली, डायॅन कॅरल आणि ब्रॉक पीटर्स. चित्रण ७० मिलिमीटरच्या टॉड-एओ पद्धतीने झालेलं. आंद्रे प्रेव्हिन आणि केन डार्बी यांना या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला, म्हणजे देशाने जपून ठेवावा असा ठेवा म्हणून त्याला सरकारी मान्यता मिळाली. असं असूनही हा चित्रपट घरी बसून पाहण्यासाठी अधिकृतपणे कधीच विकत मिळाला नाही. व्हीएचएसच्या कॅसेटा आल्या आणि गेल्या, लेझरडिस्क गेली, डीव्हीडी ओसरली, तरी ‘पोर्गी अँड बेस’ दुकानात आला नाही. जुना चित्रपट मिळेनासा झाला की आपण दोनच कारणं गृहीत धरतो. एक तर प्रिंट नष्ट झाली असेल, नाहीतर त्याला कोणी विचारत नसेल. इथे दोन्ही कारणं लागू पडत नाहीत. प्रिंटा आहेत, अधूनमधून त्या खास परवानगीने दाखवल्याही गेल्या आहेत, आणि त्या पाहायला लोक आले आहेत. हा चित्रपट अडला आहे तो कागदावर. हॉलिवूडचे आणखीही काही संगीतपट असेच अडले, आणि त्या अडण्याचं मूळ संगीतपट या प्रकाराच्या घडणीतच आहे.

साधा कथापट बहुधा एकाच मालकाचा असतो. संगीतपट मात्र सामाईक जमिनीसारखा असतो. सातबारावर नाव एकाचं दिसतं, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात डोकावलं की खरी गुंतागुंत कळते. ‘पोर्गी अँड बेस’चा हा रकाना वाचण्यासारखा आहे. ड्यूबोज हेवर्डने १९२५ मध्ये ‘पोर्गी’ ही कादंबरी लिहिली. तो आणि त्याची पत्नी डोरोथी यांनी तिचं नाटक केलं, ते १९२७ मध्ये रंगभूमीवर आलं. १९३५ मध्ये गर्श्विनचा ऑपेरा आला. त्याची संहिता हेवर्डची, गीतं हेवर्डची आणि जॉर्जचा थोरला भाऊ आयरा गर्श्विन याची. ब्रॉडवेवर त्याचे १२४ प्रयोग झाले. ऑपेरासाठी हा आकडा मोठा, ब्रॉडवेच्या हिशेबात तोट्याचा. दोन वर्षांत, वयाच्या ३८व्या वर्षी जॉर्ज गेला, १९४० मध्ये हेवर्डही गेला. चित्रपट निघाला तोवर हक्क दोन घराण्यांत विभागले गेले होते. वाटेकरी इथेही संपत नाहीत. पॉयटिए आणि डँड्रिज यांचे गाते आवाज त्यांचे नाहीत. ते रॉबर्ट मॅकफेरिन आणि अ‍ॅडेल अ‍ॅडिसन या गायकांचे आहेत. सॅमी डेव्हिसने पडद्यावर स्वतः गायलं, पण तो डेका कंपनीशी करारबद्ध होता आणि चित्रपटाची रेकॉर्ड कोलंबिया काढत होती. म्हणून रेकॉर्डवर त्याची गाणी कॅब कॅलोवेने गायली. चित्रपटात एक आवाज आणि त्याच चित्रपटाच्या अधिकृत रेकॉर्डवर दुसरा! संगीतपटाच्या सातबारावर किती हात असतात, हे या एका रेकॉर्डवरून कळतं.

गोल्डविनने हक्क मिळवले ते १९५७ मध्ये. त्याआधी कितीतरी निर्मात्यांना आयराने परत पाठवलं होतं. गोल्डविनलाही हक्क कायमचे मिळाले नाहीत, मिळाला तो जवळपास पंधरा वर्षांचा भाडेपट्टा. त्या वेळच्या निर्मात्याला यात काही गैर वाटण्याचं कारण नव्हतं. चित्रपटाचं आयुष्य तेव्हा ठरलेलं असे. आधी मोठ्या शहरांतली थिएटरं, मग लहान गावं, काही वर्षांनी एखादं पुनःप्रदर्शन आणि शेवटी टेलिव्हिजन. पंधरा वर्षांत सगळी कमाई होऊन जाईल, हा हिशेब व्यवहाराला धरूनच होता. नशिबाने मात्र साथ दिली नाही. २ जुलै १९५८ रोजी स्टुडिओला आग लागली आणि उभारलेले सेट आणि कपडे जळून गेले. आगीनंतर मूळचा दिग्दर्शक रुबेन मामुलियन याला काढून प्रेमिंजरला आणलं. या मामुलियननेच १९२७चं नाटक आणि १९३५चा ऑपेरा रंगमंचावर बसवला होता, हे लक्षात घेतलं की तो बदल केवढा होता ते कळतं. चित्रपटावर ७० लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि वसुली त्याच्या निम्म्यावरच थांबली. १९६७ मध्ये तो अमेरिकेत टेलिव्हिजनवर दाखवला गेला. मग भाडेपट्टा संपला. सोनीचं बीटामॅक्स बाजारात आलं १९७५ मध्ये, व्हीएचएस १९७६ मध्ये. म्हणजे घरी चित्रपट पाहण्याचं यंत्र जन्मण्याआधीच या चित्रपटाची मुदत भरली होती. १९७४ मध्ये गोल्डविनही वारला. हा त्याचा अखेरचा चित्रपट.

मुदत नसती तरी सगळं सुरळीत झालं असतं, असं नाही. जुन्या करारात नसलेल्या माध्यमाचा हक्क कोणाचा, या प्रश्नावर अमेरिकेतली न्यायालयं पुन्हा पुन्हा अडखळली आहेत. ‘मेटाइम’ या १९३७च्या संगीतपटाच्या खटल्यात १९६८ साली न्यायालय म्हणालं की १९३०च्या करारातल्या ‘प्रदर्शन’ या शब्दात टेलिव्हिजनही येतो. वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, ‘मीडियम कूल’ या चित्रपटातल्या एका गाण्यावरून दुसऱ्या एका न्यायालयाने उलट कौल दिला. टेलिव्हिजनवर दाखवण्याची परवानगी म्हणजे कॅसेट विकण्याची परवानगी नव्हे, असं त्याचं म्हणणं. ‘लेडी अँड द ट्रॅम्प’साठी गाणाऱ्या आणि गीतं लिहिणाऱ्या पेगी लीने आपल्या करारातलं एक वाक्य पुढे केलं आणि कॅसेटच्या विक्रीतला वाटा म्हणून डिस्नेकडून वीस लाखांहून अधिक डॉलर मिळवले. ‘फँटेशिया’साठी संगीतकार स्ट्राविन्स्कीला १९३९ मध्ये ६,००० डॉलर मिळाले होते. १९९१ मध्ये त्या चित्रपटाची कॅसेट प्रचंड खपली, प्रकाशकांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने जुन्या करारात कॅसेटही बसू शकते असा कौल दिला. एका शब्दाच्या अर्थावर निकाल इकडचा तिकडे होतो म्हटल्यावर कुठलीही कंपनी खबरदारी घेणारच, आणि खबरदारीचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे चित्रपट कपाटात ठेवून देणं. ‘अ‍ॅनी गेट युअर गन’ हा एमजीएमचा १९५०चा संगीतपट संगीतकार अर्विंग बर्लिनशी झालेल्या वादामुळे १९७३ पासून असाच कपाटात होता. तडजोड झाली आणि २०००मध्ये, पन्नासाव्या वर्षी, तो लोकांच्या हाती आला. त्या सत्तावीस वर्षांत फिल्मला काहीही झालं नव्हतं. झालं ते फक्त सह्यांची वाट पाहणं.

इथे गंभीर आक्षेप येतो तो वारसांच्या बाजूचा. गर्श्विनच्या वारसांना हा चित्रपट पसंत नव्हता, हे जाहीर आहे. ऑपेरात जे सगळं गायलं जातं, त्यातलं बरंचसं प्रेमिंजरने साध्या संवादांत उतरवलं. संगीतकाराच्या कृतीशी असा खेळ झाला असेल, तर त्याच्या माणसांनी तो पुढे चालू द्यावा का? या वारसांना लोभी म्हणणं अन्यायाचं होईल. ऑपेराच्या इंग्रजी प्रयोगांत कृष्णवर्णीय गायकच असावेत ही अट त्यांनी कसोशीने जपली, आणि त्या अटीमुळे कित्येक गायकांना मोठं व्यासपीठ मिळालं. तरीही नव्या प्रयोगाला नकार देणं आणि झालेल्या कामावर पडदा ओढणं यांत फरक केला पाहिजे. परवानगी आयराने स्वतः, हयातीत दिली, मोबदला घेऊन दिली. आणि पडद्यावरचं काम एकट्या गर्श्विनचं नाही. डँड्रिज १९६५ मध्ये, अवघ्या ४२व्या वर्षी गेली. तिच्या वाट्याला मोठ्या भूमिका आल्याच किती? त्यातली एक आज कोणी सहज पाहू शकत नाही. तिची या करारावर सही नव्हती आणि तिच्याकडे नकाराधिकारही नव्हता. सामाईक विहिरीवर एका हिस्सेदाराने कुलूप लावलं तर गावातला साधा पंचही सांगेल की पाण्याचा वाटा मागा, विहीर बंद करू नका.

दुसरा आक्षेप याहून नाजूक आहे. चार्ल्सटनच्या कॅटफिश रोमधल्या गरीब कृष्णवर्णीयांचं हे चित्र जुगार, दारू, मादक पदार्थ आणि खून यांनी भरलेलं आहे, आणि नागरी हक्कांचा लढा पेटत असताना ते अनेकांना अपमानास्पद वाटलं. हॅरी बेलाफाँटेने पोर्गीची भूमिका नाकारली. पॉयटिएने ती नाखुशीनेच पत्करली. नाटककार लॉरेन हॅन्सबेरी हिने टेलिव्हिजनवर प्रेमिंजरला समोरासमोर सुनावलं. ही टीका खोटी नव्हती. पण तीच कथा, तीच माणसं आणि तेच संगीत असलेला ऑपेरा जगभरच्या नाट्यगृहांत आजही होतो, त्याची चित्रमुद्रणं विकत मिळतात. मग आक्षेप कथेवर असेल तर कुलूप फक्त चित्रपटालाच का? आणि हॅन्सबेरी काय म्हणत होती हे आजच्या विद्यार्थ्याला समजून घ्यायचं असेल तर तो चित्रपट त्याने पाहायचा कुठे? ज्या कलावंतांनी मन घट्ट करून ही कामं केली, त्यांनी भूमिकांत स्वतःचं काय ओतलं, हे पडद्यावर पाहिल्याशिवाय त्यांच्या नाखुशीचाही अर्थ कळत नाही. मला हा चित्रपट थोर ठरवायचा नाही. तो पाहून ठरवण्याचा हक्क लोकांना असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात फारसा आला नाही, आणि त्याचं कारण अभिमान वाटावं असं नाही. आपल्या बोलपटांची गाणी मुख्यतः चित्रपटासाठीच लिहून घेतली जात आणि त्यांचा मालक निर्माताच ठरे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच रीतीवर शिक्कामोर्तब केलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला जोडून गायक-संगीतकारांच्या बाजूने कळकळीचे शब्द लिहिले, पण कायदा होता तसाच राहिला. कलावंतांचं नुकसान झालं, सातबारा मात्र एकहाती राहिला. आपले जुने संगीतपट गेले ते आगीत, ओलीत आणि हेळसांडीत. सत्तर गाण्यांच्या घरातला ‘इंद्रसभा’ आणि त्याआधीचा ‘आलम आरा’ यांच्या बाबतीत करार सापडून उपयोग नाही, फिल्मच उरलेली नाही. ‘अयोध्येचा राजा’ उरला, हे आपलं भाग्य. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला समान वाटा दिला, तो त्यांना सोडूनही देता येत नाही. हे न्यायाचं झालं. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे. करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते करारात धरलं जाणार नाही. आज जे गर्श्विनच्या चित्रपटाचं झालं, ते उद्या आपल्या चित्रपटांचं व्हायला हे एवढं वाक्य पुरेसं आहे. सुदैवाने आपल्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये त्यावरचा उताराही आहे. एकदा लोकांसमोर आलेली कृती मालकाने अडवून धरली, तर योग्य मोबदला ठरवून सक्तीचा परवाना देता येतो.

अमेरिकेला हे तत्त्व परकं नाही. १९०९ च्या कायद्यापासून तिथे एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलेलं गाणं कोणीही, ठरलेला दर भरून, पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. याच ऑपेरातलं ‘समरटाइम’ इतक्या गायकांनी गायलं त्यात या सोयीचा हात आहे. प्रत्येक वेळी वारसांच्या पसंतीची वाट पाहावी लागली असती, तर ते गाणं जगभर पोचलं असतं का? गाण्याला जी मुभा आहे ती त्याच गाण्याच्या चित्रपटाला द्यावी. वारसांना विक्रीतला वाटा मिळावा, तो नव्या वाटाघाटीने नव्हे तर कायद्याने ठरावा, आणि एकदा परवानगी देऊन पडद्यावर आलेली कृती मुदत संपली म्हणून मागे घेता येऊ नये. गिऱ्हाईक थोडं आहे, ही सबबही आता चालत नाही. मागणीप्रमाणे एकेक डीव्हीडी काढून देण्याचा धंदा वॉर्नरने २००९ मध्येच सुरू केला आणि अगदी विस्मरणात गेलेले संगीतपटही त्यातून लोकांच्या घरी पोचले.

अमेरिकेच्या कायद्यानुसार कादंबरी २०२१ मध्ये आणि नाटक २०२३ मध्ये सार्वजनिक मालकीचं झालं. ऑपेराचे हक्क १ जानेवारी २०३१ रोजी संपतील. चित्रपटाचे स्वतःचे हक्क २०५४ च्या अखेरपर्यंत आहेत. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटांमधला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि चित्र गुलाबी पडत जातं. ती प्रक्रिया आजही चालू आहे.